आईने घडवलेले आम्ही

आईच्या शिल्पांचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. विषय : घरची माणसं. टेम्पोतून बाबांचा आणि माझा पुतळा उतरला, तर दोघांनाही हात नाहीत!

बाबा टेम्पोवाल्यावर उखडले. "हात कुठे पाडलेस, ते आधी सांग!" तो बिचारा पेटीतल्या पेंढ्यात डोकं घालून शोधू लागला. "डावीकडे बघ," मी वरून मदत केली.

आई प्रदर्शनाच्या दालनातून बाहेर आली. "अहो, शोधताय काय? मी केलेच नाहीत."

"अगं, माझं पोट केलंस, टक्कल केलंस, कानातले केससुद्धा केलेस. आणि हातच विसरलीस?"

"पोट रोज दिसतं. घरकामात तुम्हा दोघांचे हात कधी दिसलेच नाहीत. अंदाजाने कसे करू?"

टेम्पोवाला पेंढा झटकत उठला. आमच्याकडे न बघताच त्याने आईबरोबर बाबांचा पुतळा उचलला.

"सावकाश गं," बाबा पुटपुटले. मला कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात पहिल्या पाहुण्या बाई आल्या. त्यांनी पुतळ्याखाली वाकलेल्या आईकडे पाहिलं, मग दारात उभ्या आम्हा दोघांकडे.

"ताई," त्या आईला म्हणाल्या, "अगदी हुबेहूब!"