बुधवारचे बांगडे

"चिकन?" सूर्यकांतने विचारलं.

"आठवड्यातून दोनदा," प्रणिता म्हणाली. "अंडी रोज. पनीर तर बिल्कुल रोजचंच, काका."

प्रणिता म्हणजे ऑफिसातल्या निखिलची बायको. चिकन, अंडी, पनीर यांच्या मानाने लोक मासे किती खातात, याची पाहणी त्यांच्या ऑफिसकडे होती. फॉर्म गावोगाव पाठवण्याआधी एकमेकांच्या घरी भरून बघायचा, ही तिथली जुनी रीत. म्हणून सूर्यकांत गाझियाबादला आला होता आणि निखिल दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात, सूर्यकांतच्या बायकोकडे, अहिल्याकडे गेला होता.

सरकारी फॉर्मात खोटं लिहायचं नाही, असं सूर्यकांतने अहिल्याला बजावलं होतं. आणि स्वतः मात्र तीन वर्षं तिच्याशी खोटं वागत होता.

लग्नात त्याने शाकाहारी अहिल्याला शब्द दिला होता, आजपासून मासे बंद. वेंगुर्ल्याचा माणूस, तरी अठरा वर्षं तगला. मग एका बुधवारी निखिलने डब्यातून बांगड्याची आमटी काढली. तेव्हापासून दर बुधवारी हा चोरटा आनंद चालू होता. अहिल्याला कळलं असतं तर तिला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. नशीब, बुधवारी ती घरभर उदबत्त्या लावायची. त्या घमघमाटात त्याच्या हाताचा वास खपून जायचा. भोळी बिचारी! त्याची बहीण गावाहून तिरफळं धाडायची, माशाच्या आमटीत घालतात ती. तीसुद्धा अहिल्या म्हणे तांदळात टाकायची, कीड लागू नये म्हणून.

"आणि मासे?" त्याने हसून विचारलं. "लाजू नकोस. काय चव आहे तुझ्या हाताला!"

"माझ्या?" प्रणिता चक्रावली. "काका, आमच्या घरात मासे कधी आलेच नाहीत. मला वाससुद्धा सहन होत नाही."

दुसऱ्या दिवशी निखिल ऑफिसात आला तसं सूर्यकांतने त्याला गाठलं. "तो डबा कुठून आणतोस रे?"

निखिलने खाली बघत बंद पाकीट पुढे केलं. "सर, आधी तुमच्या घरचा फॉर्म बघून घ्या. काकूंनी स्वतःच भरलाय."

सूर्यकांतने पाकीट फोडलं. डाळी, दूध, पनीर, सगळं अहिल्याच्या गोल अक्षरात. त्याखाली लिहिलं होतं:

'मासे: बांगडे, दर बुधवारी. रांधणारी: मी. खाणारे: एक. जिन्नस मिळण्यात अडचण: तिरफळं संपलीत, पण यांच्याकडे मागायची कशी?'