उरलेले दोन ट्रॅक

"टेप पुन्हा लावू नकोस," आई म्हणाली. "तुटेल."

सिग्रुनने व्हिडिओ कॅसेट आत सरकवली. भीती खोटी नव्हती. वीस वर्षं कपाटात पडलेली ती टेप पहिल्या फेरीतच करकरली होती. पण तिच्यावर आवाजाचे चार ट्रॅक होते आणि एका फेरीत दोनच संगणकात उतरत. पहिल्या दोनांवर आई होती. टेपवरची मुलाखत झाली तेव्हा दुभाषी तीच होती. मुलाखत देणाऱ्या नीलासच्या कोटाला लावलेला माइक उरलेल्या दोनांवर होता. आईच्या खणखणीत नॉर्वेजियनखाली त्याची सामी, म्हणजे उत्तर नॉर्वेतल्या सामी लोकांची भाषा, नुसती पुटपुटल्यासारखी वाटे.

नीलास गेल्या हिवाळ्यात वारला. जिथे सामी बोललं की पोरांना शिक्षा व्हायची, त्या त्याच्या निवासी शाळेवरची सिग्रुनची ही फिल्म शनिवारी त्याच्याच गावात दाखवायची होती. त्याच्या मुलीची एकच अट होती: आमच्या बापाचा आवाज बापाचाच हवा.

"माझं भाषांतर आहे ना? कुणाला कळायचं राहिलंय?"

"मला," सिग्रुन म्हणाली. आईने तिला सामी कधी शिकवलीच नव्हती. "तू नुसती बस. कुठलं वाक्य कुठे संपतं, तेवढं सांग."

टेप फिरू लागली. पडद्यावर चित्र थरथरलं, फाटलं, परत जुळलं. सिग्रुनचं बोट बटणावरच होतं. आणि मग नीलासचा आवाज आला. मोकळा, घोगरा, अगदी कानाशी.

आई वाक्यामागून वाक्य सांगत गेली. शेवटच्या प्रसंगाशी मात्र गप्प झाली. सिग्रुनला तिथलं भाषांतर पाठ होतं: 'एका मुलीला रात्रभर लाकडाच्या खोपीत कोंडलं होतं. कोण होती, ते आता आठवत नाही.' इतकंच. नीलास मात्र बोलतच होता. त्याने मान वर केली, कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

त्यात एक शब्द सिग्रुनला कळला. तिने टेप थांबवली.

"आई, तो 'रिस्तेन' म्हणाला. तुझं नाव घेतलं त्याने."

"बंद कर ते."

"आठवत नाही, असं तो म्हणालाच नाही. हो ना?"

आई उठली. दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून तशीच पाठमोरी उभी राहिली.

"शनिवारी अख्खं गाव ऐकणार आहे, आई. त्या सगळ्यांना कळेल. एकटी मीच तेवढी राहीन."

आईने कडीवरचा हात काढला. मग परत येऊन खुर्चीत बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले.

"विचारतोय," ती म्हणाली, "'रिस्तेन, त्या रात्री मी खोपीच्या फटीतून माझे हातमोजे आत टाकले होते. अंधारात सापडले का गं तुला?'"