टेलरचा अंक

"ठीव फळीवर," सटवामामा म्हणाले. पोस्टमननं आणलेल्या पाकिटाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

बाळ कडेवर रडत होतं. धनश्रीनं एका हातानं पाकीट घेतलं आणि आधीच्या दोन पाकिटांवर टाकलं. तिन्ही न फोडलेली. 'खेळगाडी' हे खेळण्यातल्या रेल्वेचं मासिक आलं की पुढ्यातलं ताट बाजूला सारणारा हा तिचा सासरा.

मामांनी जन्मभर घाटनांदूरच्या रुळांकडेला शेरडं राखली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघून बघून ते पत्र्याच्या डब्यांची इंजिनं करायला लागले. गाव हसलं. मग कुणीतरी या मासिकाची वर्गणी भरून दिली, आणि पहिल्याच पाकिटावर नाव निघालं अभिमन्यू टेलरचं. कचेरीत दोघांच्या गावांची अदलाबदल झाली होती. नांदूरघाटला कपडे शिवणाऱ्या या टेलरचा अंक घाटनांदूरला यायचा, मामांचा नांदूरघाटला जायचा.

अंक दोन्ही सारखेच. तरी दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दोघं केजच्या स्टँडवर भेटायचे. दुसऱ्याच्या नावाची वस्तू घरात कशी ठेवायची? ती ज्याची त्याला पोचती करायची. आणि एवढ्या लांब आलोच आहोत म्हणून कँटीनच्या बाकावर तीन-तीन तास बसायचं, पानापानावर बोट ठेवत.

"तुझं इंजिन म्हंजी रॉकेलचा डबा हाय, बे!"

"आन् तुझा पूल? झाडूच्या काड्या! शेळी शिंकली तरी पडंल."

आठ वर्षं हे असं चाललं. फोन नंबर कुणी कुणाचा मागितला नाही. बुधवारी भेटणारच होते.

यंदा वैशाखात मामा केजहून आले ते भोवळ येऊन ओट्यावरच बसले. ओठ पांढरे पडलेले. धनश्री घाबरली. दुसऱ्या दिवशी तिनं मासिकाच्या कचेरीत फोन लावला आणि दोन्ही पत्ते दुरुस्त करून घेतले.

"मामा, आता तुमचा अंक घरीच येईल. उन्हातान्हात जायला नको."

मामांनी हातातला पत्र्याचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं केलंस, पोरी."

तेव्हापासून पाकिटं फळीवर साठत होती. निम्मा झालेला पत्र्याचा डबा चाकांवाचून कोपऱ्यात पडला होता. आधी गाडीची शिट्टी आली की मामा बाळाला सांगायचे, ही कुठली, हिला डबे किती. आता शिट्टी वाजायची, बाळ मान वळवायचं, आणि मामा त्याच्या पाठीवर नुसते थोपटत राहायचे.

महिनाअखेरीला एका दुपारी बाळाला निजवता निजवता धनश्री म्हणाली, "मामा, सहज जाऊन या की केजला. टेलरमामांना सांगावा धाडते, भेटतील."

"कशाला?" मामा म्हणाले. "आता काम काय हाय?"

धनश्रीचा झोळी हलवणारा हात थांबला. आपण काय काढून घेतलं, ते तिला तेव्हा कळलं.

ती फोन घेऊन अंगणात गेली. "ताई, ते दोन पत्ते परत चुकीचे करा."

पलीकडची मुलगी हसली. "केलेत की! नांदूरघाटच्या काकांचा मागच्या महिन्यात फोन आला होता, तेही अगदी हेच म्हणाले. या वेळचा त्यांचा अंक तुमच्याच गावी पाठवलाय. मिळाला नाही का?"

धनश्री धावतच आत आली. फळीवरचं वरचं पाकीट तिनं उजेडात धरलं. अभिमन्यू टेलर, मुक्काम पोस्ट घाटनांदूर. तिनंच ते तिथं टाकलं होतं. 'खेळगाडी' म्हणजे सटवामामा, एवढंच पोस्टमनला ठाऊक, आणि रडत्या बाळापायी नाव तिनंही वाचलं नव्हतं. बुधवार कधीच होऊन गेला होता.

मामांनी पाकीट दोनदा वाचलं. मग कितीतरी दिवसांनी हसले. "लई लबाड हाय बघ टेलर! दिवसभर बसला आसंल तिथं. आता मला शिव्या घालंल."

लगेच निघायचं म्हणाले. धनश्री बाळाला घेऊन सोबत गेली. एसटीत मामांचं तोंड थांबत नव्हतं. स्टँडवरनं टेलरला निरोप धाडू, न्हाई आला तर पुढं नांदूरघाटलाच जाऊ. डब्याची चाकं नीट बसत नाहीत, ते त्याला विचारायचं. शिलाईच्या मशीनची रिकामी रिळं बसतील का, हेही विचारायचं.

कँटीनच्या बजरंगनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि हातातली कपबशी खाली ठेवली. गल्ल्यामागून त्यानं एक पाकीट काढलं.

"आप्पा, उशीर केला तुमी. त्या बुधवारी टेलर शेवटच्या एसटीपस्तोर बसलते. दोन दिसांनी झोपेतच गेले म्हनं. दहावा उरकून पोरगा येऊन गेला त्यांचा. म्हनला, बाबानं सांगून ठेवलंय, ह्यो अंक घाटनांदूरवाल्याला पोचता करा."

मामांनी आपल्या नावाचं पाकीट घेतलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं, काखेत धरलं. बाळानं त्यांच्या टोपीकडे हात केला, ते त्यांना कळलं नाही. पिशवीतून त्यांनी दुसरं पाकीट काढलं. बाकाकडे पाहिलं, बजरंगकडे पाहिलं, मग ते धनश्रीकडे वळले.

"आन् मंग," ते म्हणाले, "ह्यो त्याचा कुणाला देऊ?"