अकरा सेकंद

"अजूनही वेळ आहे, सांग. त्या दृश्यातले मधले आठ सेकंद मी काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे," दिग्दर्शक दबक्या आवाजात म्हणाला. "निदान उरलेले तीन तरी वाचतील."

"नको," चित्रकार म्हणाली. "राहिले तर अकराच्या अकरा राहू देत."

दोघं दाराशी उभी होती. आत सतरंजीवर आठ मुलं बसली होती, चार ते सहा वर्षांची. त्यांच्या मागे खुर्च्यांवर त्यांना घेऊन आलेली मोठी माणसं. पडद्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून, वाहिनीच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या कागदावर प्रत्येक मुलाचा एक रकाना होता. मुलाची नजर पडद्यावरून हलली की त्याच्या रकान्यात एक रेघ. एकाच जागी तीनपेक्षा जास्त मुलांची नजर हलली, तर तेवढा तुकडा कापायचा, असा वाहिनीचा नियम. स्टुडिओत बाईंना सगळे त्यांच्या माघारी कात्रीबाई म्हणत. चित्रकाराची दोन दृश्यं त्यांच्या कागदामुळे आधीच कापली गेली होती.

दिवे मालवले आणि कार्टून मालिकेचा नवा भाग सुरू झाला.

पाणमांजरांचं कुटुंब होतं. आई, बाबा आणि दोन पिल्लं. मालिकेत राक्षस नव्हता, जादूची कांडी नव्हती. घरातली फरशी होती, आणि आज ती फरशी म्हणजे नदी. पिल्लांना पलीकडे जायचं होतं, म्हणून त्यांनी बाबाला ओणवं केलं आणि बजावलं, "तू पूल आहेस. पूल बोलत नाही. पूल हलत पण नाही." बाबाच्या पाठीवरून उशा गेल्या, बादली गेली, मग पिल्लं गेली. धाकटं मधेच थांबलं आणि त्यानं पुलाच्या कानात पाणी किती खोल आहे ते विचारलं. सतरंजीवर हशा पिकला. बाईंचा कागद कोराच होता.

मग आईची हाक आली. पिल्लं जेवायला पळाली.

बाबा तिथेच राहिला. ओणवा. खेळ संपला, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आवाज नाही, संगीत नाही. रिकामी खोली आणि मधे पूल. हे दृश्य काढायला चित्रकाराला महिना लागला होता. न हलणाऱ्या बाबाची तिनं एकशे बत्तीस चित्रं काढली होती. एकच काढून अकरा सेकंद तेच धरून ठेव, कुणाला कळणार आहे, असं दिग्दर्शक तेव्हा हसत म्हणाला होता. "थांबवलेलं चित्र वेगळं आणि थांबलेला माणूस वेगळा," एवढंच ती म्हणाली होती. आता पडद्यावर त्या माणसाची पाठ श्वासाबरोबर जराशी वर येत होती, खाली जात होती. उजवं कोपर थरथरू लागलं होतं. त्यानं ते सावरलं.

सतरंजीवर सळसळ झाली. चित्रकारानं डोळे मिटून घेतले. मुलं चुळबुळायला लागली की अशीच सळसळ होते, हे तिला पाठ होतं. पेन्सिल कागदावर चाललेली तिला ऐकू आली. एक रेघ. लगेच दुसरी. मग तिनं मोजणं सोडून दिलं.

दिग्दर्शकानं तिला कोपरानं ढोसलं. "अगं, डोळे उघड. बघ तरी."

तिनं पाहिलं. पडद्याकडे एकही मूल बघत नव्हतं. आठही जणं मागे वळली होती आणि खुर्च्यांमधून आपापलं माणूस शोधत होती. दोन वेण्यांच्या मुलीचा बाप फोनवर काहीतरी लिहीत होता. त्यानं सहज वर पाहिलं, मुलीची नजर भेटली, आणि त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. एक आजोबा लेकराला बघून नुसते मान हलवत होते. कडेच्या खुर्चीतल्या आईला डुलकी लागली होती. तिचा मुलगा गुडघ्यांवर उठून तिच्याकडे बघत राहिला, ती आहे एवढी त्यानं खात्री करून घेतली आणि तो खाली बसला. एकेक मूल परत पडद्याकडे वळेपर्यंत दृश्य मात्र संपून गेलं होतं. बाबाला उठवायला पिल्लं धावत आली, हे दोघा-तिघांनीच पाहिलं.

भाग संपला. दिवे लागले, मुलं पाणी प्यायला बाहेर पळाली, मोठी माणसं त्यांच्या मागे गेली. बाई कागद हातात धरून दाराशी आल्या.

"आठ रेघा," त्या म्हणाल्या. "एका जागी एवढ्या मी आजवर कधी मारल्या नव्हत्या."

"आम्हाला अंदाज होताच, बाई," दिग्दर्शक घाईनं म्हणाला. "दुपारपर्यंत कापून पाठवतो."

बाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. "तुम्ही काढलंय का ते?" त्यांनी चित्रकाराला विचारलं.

"हो."

"किती सेकंद आहे?"

"अकरा." आता कात्री लागणार, अशा तयारीनं चित्रकार उभी राहिली.

बाईंनी कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"कमी आहेत," त्या म्हणाल्या. "मुलांना मागे वळायला, आपलं माणूस सापडायला, आणि परत यायला वेळ लागतो हो. पंधरा करा."