भिंतीवरची बाबागाडी

मऊ गादीची बाबागाडी मुक्तानं आधीच बाजूला सारली. तिला हवी होती धावताना न डगमगणारी, लेकराची पाठ नीट धरणारी. अडीच वर्षांची ओवी चंद्रावरच जन्मली होती. "हाडांना भार मिळाला नाही, तर तिला पृथ्वीवर आजोबांकडे कधीच जाता यायचं नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ही पळवून बघा, ताई," दुकानदार डिकुन्हा म्हणाले. "पट्टे तेवढे घट्ट आवळा."

दुकानामागे अंगाला भार मिळावा म्हणून बांधलेली, विहिरीसारखी उभ्या भिंतीची गोल धावपट्टी होती. मुक्ता गाडी ढकलत धावू लागली. वेग वाढला तशी ती गाडीसकट तिरकी होत भिंतीवर चढली आणि गोल फिरण्याच्या जोरानं कित्येक वर्षांनी तिच्या पायांत वजन उतरलं. गाडीत ओवीचे गाल ओघळले, भुरभुरणारे केस डोक्याला चिकटून बसले.

ओवीनं सवयीनं खुळखुळा वर उडवला आणि मान वर करून निवांत वाट बघत बसली. चंद्रावरची सगळीच मुलं अशी बसतात, कारण तिथे वस्तू सावकाश खाली येते. मुक्तानंही नकळत झेलायला हात वर नेला. खुळखुळा मात्र केव्हाच ओवीच्या पायाशी खाडकन आदळला होता.

ओवी डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, कुणी ओढला?"

मुक्ताला सांगायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. आणि थांबली असती, तर ते ओढणारं नाहीसं झालं असतं.

ती धावत राहिली.