दर्याचा नारळ

विमानाची घरघर कानावर आली आणि आत्माराम तांडेल ताडकन उठला. सकाळी गेलेलं विमान दिवस मावळायच्या आत परत येत होतं. म्हणजे ते अर्ध्या वाटेवरूनच वळलं असणार.

त्याची लेक मथुरा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. पहाटे कळलं की मूल आडवं आलंय. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया लागेल, आणि तीही मुंबईलाच. आगबोट दुसऱ्या दिवशीची. नशिबाने मुंबईचा एक हौशी वैमानिक आदल्याच दिवशी भाट्याच्या वाळूवर उतरला होता आणि अख्खी रत्नागिरी त्याचं विमान बघून गेली होती. तो म्हणाला, "दीड तासात पोचवतो." आत्मारामने मान डोलवली, पण उभा जन्म शिडाच्या गलबतावर काढलेल्या माणसाला असल्या थापा पचतात होय? वारा कितीही धार्जिणा असला तरी मुंबई म्हणजे दोन दिवस. पण बुडत्याला काडीचा आधार.

मथुरेला विमानात निजवलं. तिची आई आनंदीबाई शेजारी बसली. आत्मारामने तिच्या हातात नारळ ठेवला. बंदराला सुखरूप लागल्यावर आधी दर्याला नारळ द्यायचा, ही त्याच्या आजापासूनची रीत.

"पोचल्याबरोबर दर्याला दे," तो म्हणाला. "इसरू नको."

दिवसभर त्याने अन्नाचा कण तोंडात घातला नाही. एकच हिशोब डोक्यात. गलबत असतं तर अजून वाटेतलं बुरोंडी बंदरसुद्धा आलं नसतं. आणि हे म्हणे मुंबईला जाऊन परतही आलं!

ओहोटीच्या टणक वाळूवर विमान धावत येऊन थांबलं. आत्माराम धोतराचा सोगा सावरत पळाला. आत डोकावला. मागच्या जागा रिकाम्या होत्या. वैमानिक खाली उतरला, आणि त्याच्या हातात नारळ होता. तोच. शेंडीला आनंदीबाईने निघताना बांधलेला लाल दोरा तसाच होता.

नारळ दर्याला गेला नव्हता. म्हणजे माणसं पोचली नव्हती.

आत्मारामने त्याच्या हातातून नारळ ओढून घेतला. "माजी मान्सां कुठं हायत?"

"हॉस्पिटलात," वैमानिक गोंधळून म्हणाला. "सकाळी न्याहारीच्या वेळेलाच पोचलो आम्ही. मथुराताई सुखरूप आहेत, मी स्वतः विचारून निघालो. इथं उतरायला ओहोटी हवी, म्हणून उशीर झाला."

"मग ह्यो नारळ?"

वैमानिकाला हसू आलं. "तुमच्या मंडळींनी परत धाडलाय. म्हणाल्या, 'आमाला दर्याने आणलान नाय, मग त्याला फुकटचा मान कशाला? येताना आमी तिघी बोटीनं येव, तवा तुमच्याच हातानं द्या.'"

आत्मारामचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलंही नाही. नारळ छातीशी धरून तो चार पावलं चालला आणि थबकला. सकाळी इथून तर दोघीच गेल्या होत्या.