शेकरला कुणी हात लावला?

समीक्षाने आकडा तिसऱ्यांदा पाहिला. जंतूंना पाजलेला रंग त्यांनी बाहेर फेकला होता. म्हणजे पंप चालू होता. अडीच वर्षांत पहिल्यांदाच चालू होता, आणि का, ते तिला अजिबात कळत नव्हतं.

हा पंप क्षयाच्या जंतूच्या आवरणातला. औषध आत शिरलं की तो ते बाहेर फेकतो. त्याचा अभ्यास करायचा तर आधी तो साध्या ई. कोलाय जंतूंकडून बनवून घ्यायला हवा. पण कामाला लावलं की ते जंतू एक तर मरून जायचे, नाहीतर पंपाचा निरुपयोगी गोळा करून ठेवायचे.

वहीत नेहमीचंच लिहिलेलं होतं. सदतीस अंश, रात्रभर शेकरमध्ये, म्हणजे फ्लास्क ऊबेत हलवत ठेवणाऱ्या यंत्रात. सकाळी मात्र फ्लास्कमधलं द्रावण पातळ दिसलं, म्हणून तिने तडकून सगळ्यांना विचारलं होतं, "शेकरला कुणी हात लावला?" कुणीच लावला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडं राहिलं म्हणून साफसफाई करणाऱ्या जैतूची नोकरी गेली, तेव्हापासून या प्रयोगशाळेत कुणी कशालाच हात लावत नाही.

दुपारी तिचे मार्गदर्शक कडू सर आकडा बघून खूश झाले. पेढे आले. काचसामान धुणाऱ्या सत्यवतीमावशींनी आपला पेढा पदरात बांधला आणि त्या पुन्हा नळाशी गेल्या.

"पुढच्या सोमवारी पीएच.डी.च्या समितीसमोर हेच पुन्हा दाखव," सर म्हणाले. "नाही जमलं तर विषय बदलावा लागेल. मग माझ्याही हातात काही नाही."

"पण सर, काय वेगळं झालं तेच माहीत नाही."

"माहीत नाही कसं? काल जाताना तापमान मीच वीसवर आणलं. तुला सांगायचं राहिलं."

"सकाळी तर सदतीसच होतं."

"मग कुणीतरी परत वाढवलं असेल."

पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकला तशी सोबत संशोधन करणाऱ्या दीपेशची स्मरणशक्ती जागी झाली. जंतूंना कामाला लावणारं द्रावण त्याने म्हणे चुकून निम्मंच घातलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या अंकितालाही आठवलं, की तिने शेकरचा वेग कमी केला होता.

"मग सकाळी कुणी बोललं का नाही?" समीक्षाला हसावं की रडावं कळेना.

"सकाळी तू केवढी चिडली होतीस!" अंकिता म्हणाली. तेही खरंच होतं.

पाचनंतर सगळे गेले. समीक्षाने तीन फ्लास्क भरले, त्यांवर नावं लिहिली. सर, दीपेश, अंकिता. एकेक करून तिघांचंही करून बघायचं. तिचा एकावरही विश्वास नव्हता, पण दुसरं काही सुचत नव्हतं. अडीच वर्षं हातातून निसटताना तिला दिसत होती.

"तीनच बाटल्या?" मावशींनी विचारलं.

"तिघांनीच सांगितलं ना, मावशी."

मावशींनी पॅसेजमध्ये कुणी नाही हे बघून घेतलं. मग धुतलेला एक फ्लास्क आणून तिच्यापुढे ठेवला. "ही पन भर."

समीक्षाने भरला. मावशींनी तो उचलला आणि शेकरकडे न नेता खिडकीखालच्या ओट्यावर ठेवला. खिडकीतून डिसेंबरची गार हवा येत होती.

"काल मशीन पुसाया तुझी बाटली काढली, नि परत ठेवाया इसरले. रातभर हितंच व्हती. सकाली तू यायच्या आधी परत मशीनमंदी ठेवली."

समीक्षाने चौथ्या फ्लास्कवर नाव लिहायला घाईघाईने पेन उचललं.

मावशींनी तिचा हात धरला. "हिच्यावं नाव नको लिवू, बाय."